किनवट ते येडशी: रानातल्या शिकारी पक्ष्यांचा जनुकप्रवाह कसा तपासावा

प्रश्न थोडक्यात असा: अंबाजोगाईची एक विद्यार्थिनी एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचं म्हणणं, मराठवाड्यात जंगलाचे मोजकेच तुकडे उरलेत. किनवट-माहूर, गौताळा आणि येडशी-रामलिंग ही त्यातली ठळक नावं. या तुकड्यांमधले शिक्रा, सर्पगरुड यांच्यासारखे पक्षी जनुकीयदृष्ट्या एकमेकांपासून तुटले आहेत का? पक्षी तर उडून जाऊ शकतात, मग तुटतील कसे? गळालेल्या पिसांवरून हे तपासता येईल का, आणि प्रकल्पासाठी कोणती जात घ्यावी?

आधी थेट उत्तर देतो, कारणं पुढे येतीलच. शिक्रा घेऊ नका. सर्पगरुड घ्या. पिसांवरून काम होतं, पण सगळ्या पिसांवरून नाही. आणि ‘तीन अभयारण्यं, तीन गट, त्यांची तुलना’ असा जो आराखडा तुमच्या डोक्यात दिसतोय तो बदला. मराठवाड्याची हद्द महसूल खात्याची आहे, पक्ष्यांची नाही.

किनवटचंच बघा. हा तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. कागदावर तो मराठवाड्यात आला, पण तिथलं सागाचं रान आजही पैनगंगेच्या दोन्ही अंगांनी विदर्भात आणि तेलंगणात पसरलेलं आहे. तिथल्या सर्पगरुडाला येडशीचा सर्पगरुड परका असेल, आदिलाबादचा नसेल. तेव्हा किनवटचे नमुने ‘मराठवाड्याचा गट’ म्हणून वेगळे काढून येडशीशी ताडून पाहिले, तर निघालेला आकडा कशाबद्दल बोलतोय हेच कळणार नाही. तसंच गौताळ्याचं. हे सुमारे 260 चौरस किलोमीटरचं अभयारण्य अजिंठ्याच्या डोंगररांगेत आहे. त्याचं नातं पश्चिमेला सातमाळा आणि उत्तरेला खानदेश ओलांडून सातपुड्याशी असू शकतं. येडशी-रामलिंग बालाघाटाच्या कडेला आहे, जेमतेम 22 चौरस किलोमीटर. या तिघांच्या मध्ये काय आहे? काळी जमीन, सोयाबीन, कापूस, तूर, ऊस. लातूर जिल्ह्यात तर जंगल एक टक्क्याच्याही आत आहे.

आता ‘पक्षी उडतात, मग तुटतील कसे’ या शंकेकडे वळू. सगळा विषय तिथेच अडतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्याच्या ‘वॉकर’ वाघाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. 2019 मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर असलेला हा तरुण नर टिपेश्वरहून निघाला आणि विदर्भ, तेलंगण, मराठवाडा असा 3,000 किलोमीटरहून जास्त चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पुढे टिपेश्वरकडचे वाघ गौताळ्यात आणि 2024 च्या डिसेंबरात थेट येडशीतही दिसले. लोकांनी लगेच म्हटलं, जंगलं जोडलेली आहेत. पण ज्ञानगंगेत वाघीण नव्हती. वॉकर तिथे पोचला, राहिला, शिकार केली, पण त्याच्या जनुकांपैकी तिथे काही रुजलं नाही. पाहुणा येऊन गेला म्हणजे सोयरीक झाली असं होत नाही. जनुकप्रवाह मोजायचा तर जन्माच्या ठिकाणाहून दुसरीकडे जाऊन, तिथे जोडीदार मिळवून, पिल्लं वाढवणाऱ्यांचीच मोजदाद करायची. बाकीची सगळी हालचाल प्रेक्षणीय असते, जनुकांच्या हिशोबात तिचं मोल शून्य.

शिकारी पक्ष्यांत हे अंतर फार ठळक दिसतं. स्पेनमधला राजगरुड, ज्याला स्पॅनिश इम्पीरियल ईगल म्हणतात, त्याची तरुण पिल्लं पहिली काही वर्षं दूरदूर भटकतात. अंडी घालायची वेळ आली की बरीचशी आपल्या जन्मस्थानाच्या जवळ किंवा जिथे आधीच जोड्या आहेत तिथे परततात. 1960 च्या दशकात ही जात अवघ्या 30 जोड्यांच्या आसपास उरली होती. पुढे संख्या वाढली, पण जनुकीय तपासणीत दोन्यानाचा दलदलीचा भाग उरलेल्या गटांपासून वेगळा पडलेला दिसला. उडायची ताकद होती, मधल्या मोकळ्या प्रदेशावरून ते गरुड जातही होते. घरटं मात्र तिकडे बांधत नव्हते.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. वाघांत, एकूणच सस्तन प्राण्यांत, बहुधा नर दूर जातात आणि माद्या आईच्या इलाक्याजवळ राहतात. पक्ष्यांत बहुधा उलट, माद्या दूर जातात. शिकारी पक्ष्यांत मादी आकारानेही मोठी असते. म्हणून वाघांच्या कॉरिडॉरवर झालेलं काम समोर ठेवून पक्ष्यांबद्दल अंदाज बांधू नका. या फरकाचा तुमच्या मार्करच्या, म्हणजे पक्षी ताडून पाहायला डीएनएतल्या ज्या खुणा वाचायच्या त्यांच्या, निवडीवरही परिणाम होतो, ते पुढे सांगतो.

जंगलातल्या शिकारी पक्ष्यांवर जनुकीय काम सर्वांत जास्त झालंय ते गोशॉकवर. तो आपल्या शिक्र्याचा दूरचा, बराच दांडगा भाऊ. मोठ्या झाडांच्या दाट रानात घरटं करतो, झाडांच्या आतूनच शिकार करतो. अमेरिकेतल्या यूटा राज्यात याची रानं डोंगरमाथ्यांवर सुटी सुटी आहेत, मध्ये रखरखीत सपाटी. सहज वाटेल की प्रत्येक डोंगराचा गोशॉक वेगळा असणार. तपासलं तर जनुकीय फरक अगदी थोडा निघाला. म्हणजे सपाटी ओलांडून देवाणघेवाण चालू होती. आता त्याच जातीचा दुसरा निकाल पाहा. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यापासून समुद्रात असलेल्या हैदा ग्वाय बेटांवरचे गोशॉक 2019 मध्ये संपूर्ण जीनोमभरच्या मार्करांनी तपासले गेले. ते मुख्य भूमीवरच्या पक्ष्यांपासून अगदी स्पष्ट वेगळे निघाले, आणि त्यांची संख्याही चिंता वाटावी इतकी कमी. मधला समुद्र उडून ओलांडणं गोशॉकला अशक्य नाही. तो ओलांडत नाही, किंवा फार क्वचित ओलांडतो.

एकाच जातीत दोन टोकाची उत्तरं. म्हणून ‘शिकारी पक्ष्यांत जनुकप्रवाह जास्त असतो’ असं एखाद्या पुस्तकात वाचलं, तर ते गौताळ्याला जसंच्या तसं लावू नका. विचारायचं ते असं: आपल्या जातीला मधली शेती यूटाच्या सपाटीसारखी वाटते की हैदा ग्वायच्या समुद्रासारखी?

शिक्र्याचं उत्तर तर मोटारसायकलवरूनही मिळतं. बांधावरचा लिंब, गावाबाहेरची आमराई, कॉलेजच्या आवारातली झाडं, सगळीकडे तो घरटं करतो. सरडे, उंदीर, चिमण्या, टोळ असं काहीही खातो. त्याच्या दृष्टीने किनवट आणि येडशीच्या मध्ये तुटलेलं काही नाहीच, सलग वस्ती आहे. इथे फरक शोधणं म्हणजे पैसा आणि पिल्लांचं रक्त दोन्ही वाया घालवणं. तिसा बाजाचंही थोडंफार तसंच, त्याला झुडपी माळ चालतो.

मधुबाज मोहात पाडेल, कारण तो जंगलाचा आहे आणि दिसतोही बऱ्यापैकी. पण त्यात मोठी गोम आहे. आपल्याकडे त्याचा एक रहिवासी प्रकार आहे आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा एक स्थलांतरी प्रकार आहे. जानेवारीत उचललेलं पीस सायबेरियाकडच्या पक्ष्याचं निघू शकतं. तुम्ही ते गौताळ्याच्या नावावर टाकाल, आणि गौताळा अचानक ‘वेगळा’ दिसायला लागेल. हीच भानगड शिक्र्याच्या पिसातही होते. हिवाळ्यात युरेशियन स्पॅरोहॉक येतो आणि त्याचं मधलं पीस शिक्र्याच्या पिसासारखंच दिसतं.

राहिला सर्पगरुड, डोक्यावर तुरा असलेला. यासाठी तो मला सगळ्यात योग्य वाटतो. ओढ्याकाठच्या उंच झाडांवर, अर्जुन, जांभूळ, आंबा अशा, तो घरटं करतो. एका वेळी एकच अंडं घालतो, म्हणून संख्या हळू वाढते आणि जनुकीय घसरणीचा फटका त्याला लवकर बसतो. तो वर्षभर इथेच असतो. सकाळी ऊन तापलं की वर गिरक्या घेत शीळ घालतो, त्यामुळे कुठल्या दरीत जोडी आहे हे कळायला अवघड नाही. शेंडीवाली मोरघारही चालली असती, पण ती इतकी विरळ आहे की नमुने गोळा होईपर्यंत तुमची पदवी हातात येऊन जुनी होईल.

घुबडांकडे वळावंसं वाटलं तर रानपिंगळ्याचा अभ्यास नजरेखालून घाला. 1884 नंतर ही जात नाहीशी झाली असं मानलं गेलं होतं. 1997 च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ ती पुन्हा सापडली. त्यानंतर मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातली खंडवा-बऱ्हाणपूरची रानं आणि 2014 मध्ये पार ठाण्याच्या तानसा अभयारण्यात ती आढळली. 2018 मध्ये डीएनएवरून ती पिंगळ्यांच्याच ‘अथीनी’ कुळशाखेत बसते हेही दाखवलं गेलं. सातपुड्यातले आणि तानसाचे रानपिंगळे यांच्यात देवाणघेवाण कशी होते, हा माझ्या मते महाराष्ट्रातल्या शिकारी पक्ष्यांबाबतचा सगळ्यात रंजक जनुकीय प्रश्न आहे. पण तो एम.एस्सी.चा प्रकल्प नव्हे. जात संकटग्रस्त आहे, परवानग्या कडक आहेत आणि त्या असायलाच हव्यात.

आता आकड्यांकडे येऊ. विद्यार्थी सगळ्यात जास्त फसतात ते इथे.

दोन गटांमधला जनुकीय फरक साधारणपणे एफएसटी या मापाने सांगतात. 0 म्हणजे दोन्हीकडे जनुकरूपांची प्रमाणं सारखी, 1 म्हणजे पूर्ण वेगळी. सीवॉल राइट यांनी 1931 मध्ये मांडलेल्या बेटांच्या प्रतिमानावरून एक सोपं सूत्र निघतं: दर पिढीला येऊन स्थायिक होणाऱ्यांची संख्या म्हणजे 1 भागिले एफएसटी, त्यातून 1 वजा, आणि उत्तराला 4 ने भागायचं. एफएसटी 0.2 असेल तर दर पिढीला 1 पक्षी. 0.05 असेल तर साधारण 5. प्रबंधात हा आकडा टाकला की भारदस्त दिसतं. टाकू नका. हे सूत्र असं गृहीत धरतं की सगळे गट सारख्या आकाराचे आहेत, येणं-जाणं सगळीकडे सारखं आहे, आणि ही परिस्थिती पिढ्यान्‌पिढ्या बदललेली नाही. मराठवाड्यात यातली एकही अट पुरी होत नाही.

त्यातही शेवटची अट सगळ्यात घातक आहे. समजा, दोन जंगलांमधली झाडोऱ्याची साखळी 60 वर्षांपूर्वी पूर्ण तुटली आणि त्या दिवसापासून एकही पक्षी इकडून तिकडे जाऊन स्थायिक झाला नाही. समजा, पिढीचा काळ 6 वर्षं. म्हणजे 10 पिढ्या झाल्या. प्रत्येक गटाची प्रभावी संख्या, म्हणजे खरोखर पुढच्या पिढीला जनुकं देणाऱ्यांची संख्या, 500 असेल तर इतक्या काळात एफएसटी किती चढेल? साधारण 0.01. प्रयोगशाळेतल्या चुकांतही हरवून जाईल इतका. तुम्ही लिहाल, ‘गटांत मुक्त जनुकप्रवाह आहे’. प्रत्यक्षात 60 वर्षांत एकही पक्षी गेलेला नाही! तेच प्रत्येकी प्रभावी संख्या 50 असेल तर आकडा जवळपास 0.1 पर्यंत जातो. म्हणजे फरक दिसणं-न दिसणं हे तुटलेपणाइतकंच, किंबहुना जास्तच, गट किती लहान आहे त्यावर ठरतं. दर पिढीला विविधतेचा जो हिस्सा नुसत्या योगायोगाने गळतो तो 1 भागिले प्रभावी संख्येच्या दुप्पट इतका. 50 पक्ष्यांत पिढीला 1 टक्का. या गळतीला ड्रिफ्ट म्हणतात, आणि लहान जंगलात खरा शत्रू तीच.

म्हणून जनुकांचा आरसा उशिरा प्रतिमा दाखवतो हे धरूनच चाला. आज शून्याजवळचा एफएसटी आला तर त्याने आजोबांच्या काळातल्या जंगलाची खबर दिली असंही असू शकतं.

यालाच जोडून दुसरा प्रश्न: तुटलेपण कधीचं? मराठवाडा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. बालाघाटाच्या पठारावर दाट रान सलग होतं असं समजून चालू नका. काळ्या सपाट जमिनीवर शेती फार जुनी आहे, आणि त्याआधीही ते बरंचसं गवताळ, काटेरी झुडपांचं होतं. उलट किनवटकडे पाऊस 1,000 मिलिमीटरच्या आसपास किंवा वर, तिथला झाडोरा खरोखरच गेल्या काही दशकांत मागे हटला. म्हणजे येडशी आणि किनवट यांच्यातली फट जुनी, किनवटच्या आतल्या फटी नव्या. दक्षिणेत शोलांच्या, म्हणजे उंच डोंगरांवरच्या दाट सदाहरित, रानातल्या छोट्या पक्ष्यांवर झालेल्या कामात हा फरक सुरेख दिसतो. पालघाटसारख्या प्राचीन खिंडींनी वेगळ्या केलेल्या गटांत जनुकं खोलवर वेगळी निघाली, अलीकडच्या जंगलतोडीने तोडलेल्या गटांत फरक तितका खोल नाही. तुमच्या निकालात येडशी वेगळं निघालं तर त्याचा दोष थेट चौपदरी रस्त्यावर टाकण्याआधी हे लक्षात ठेवा.

याच्या विरुद्ध टोकाचं उदाहरण मॉरिशसच्या केस्ट्रेलचं. हा बेटावरच्या रानात राहणारा लहान ससाणा. जंगलतोड आणि डीडीटीच्या फवाऱ्यांनी 1974 मध्ये रानात फक्त 4 पक्षी माहीत होते. पुढे पिंजऱ्यात प्रजनन करून शेकडो सोडले गेले. 2000 मध्ये संग्रहालयातल्या जुन्या कातड्यांचा डीएनए तपासला, तेव्हा कळलं की कोसळण्याआधी बेटावरच्या या पक्ष्यात खंडांवरच्या केस्ट्रेलांच्या तोडीची विविधता होती. ती जवळजवळ सगळी गेली. आज तिथे पूर्वेला आणि पश्चिमेला दोन गट आहेत. बेट लहान, पण पक्षी मधल्या उघड्या शेतातून एकमेकांकडे जात नाहीत म्हटलं तरी चालेल. तरुण पक्षी जन्मलेल्या ठिकाणापासून काही किलोमीटरांतच बस्तान बसवतात. ससाण्याचे पंख असून ही स्थिती!

जुन्या कातड्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. 1931-32 मध्ये सालिम अलींनी निजामाच्या हैदराबाद संस्थानात पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं. मराठवाडा तेव्हा त्या संस्थानातच होता. त्या आणि त्याआधीच्या काळातल्या दख्खनच्या कातड्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या (बीएनएचएस) आणि ब्रिटनच्या संग्रहात असू शकतात. पायाच्या तळव्याच्या गादीतून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा मिळाला तरी डीएनए निघतो. तुमच्या प्रकल्पात हे जमणार नाही, पण आधी आणि नंतर असं दोन्ही हातात आल्याशिवाय ‘विविधता घटली’ हे वाक्य लिहायचा अधिकार मिळत नाही.

आता नमुन्यांचा आराखडा. गटागटांची तुलना करायची तर मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतल्या पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या) मार्करांसाठी एका ठिकाणचे, आपसांत नात्याचे नसलेले 25 ते 30 पक्षी लागतात. येडशीच्या 22 चौरस किलोमीटरमध्ये सर्पगरुडाच्या 25 जोड्या बसतील का? नाही बसणार. म्हणजे तिथे ‘गटाचा नमुना’ ही गोष्टच अशक्य आहे. तुम्ही अख्खी वस्ती घेतली तरी आकडा अपुरा. म्हणून गट सोडा, एकेक पक्षी हे एकक धरा. किनवटपासून पैनगंगेच्या काठाने हिंगोलीकडे, तिथून पश्चिमेला अजिंठ्याच्या रांगेपर्यंत, दुसरीकडे बालाघाटाच्या कडेने, असे विखुरलेले पक्षी घ्या. नदीकाठच्या जुन्या झाडांच्या पट्ट्यातले, देवराईतले, धरणाच्या मागच्या झुडपातले, जिथे मिळतील तिथले. मग प्रत्येक जोडीमधलं जनुकीय अंतर आणि जमिनीवरचं अंतर ताडून पाहा. नुसत्या अंतराने फरक समजावता येतो की मधल्या जमिनीचा प्रकारही लागतो, हे त्यातून कळतं. आदिलाबादकडचे आणि मेळघाटाकडचे थोडे नमुने नसतील तर हा नकाशा अर्धाच राहील. त्यासाठी तेलंगणाच्या वनखात्याची परवानगी वेगळी काढावी लागते.

इथे एक धोक्याची सूचना. स्ट्रक्चर नावाचा प्रोग्राम 2000 पासून सगळे वापरतात. तो पक्ष्यांना आपसूक गटांत वाटतो आणि रंगीत पट्ट्यांचा देखणा आलेख देतो. पण अंतरागणिक हळूहळू बदलत जाणारी जनुकं असतील आणि मधले नमुने तुम्ही घेतलेच नसतील, तर तो नसलेले गटही ठळक दाखवतो. किनवटचे 10 आणि येडशीचे 6 पक्षी टाकले की दोन रंग येणारच. त्याहून वाईट म्हणजे एकाच घरट्यातली भावंडं. शिक्र्याच्या घरट्यात तीन-चार पिल्लं सापडली म्हणून चारही नमुने घेतले, तर प्रोग्राम त्या कुटुंबालाच गट समजतो. घरट्यातून एकच नमुना घ्यायचा. सर्पगरुडाचं एकच पिल्लू असतं, तेवढी ती अडचण आपोआप टळते, पण एकाच जोडीची दोन वर्षांची पिल्लं घेतली की ती परत उभी राहते.

पिसांबद्दल. चांगल्या नमुन्याची जागा देठात असते. देठाच्या टोकाशी थोड्या पेशी असतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण देठ जिथे संपून पिसाचा पसारा सुरू होतो तिथे एक बारीक रक्ताची गाठ अडकलेली असते, आणि मोठ्या पिसांत ती जास्त भरवशाची निघते. 2005 मध्ये हे ध्यानात आणून दिलं गेलं. म्हणून पंखाची आणि शेपटीची मोठी पिसं घ्या, छातीचा कापूस सोडून द्या. कझाकस्तानात अशाच गळालेल्या पिसांवरून तिथल्या राजगरुडांची (ही स्पेनमधल्याहून वेगळी जात) एकेक ओळख पटवली, तेव्हा डोळ्यांनी मोजलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त गरुड त्या भागात वावरत असल्याचं दिसलं. बहुतेक सगळे बिनजोडीचे, भटके. जनुकप्रवाह समजून घ्यायचा तर हीच मंडळी महत्त्वाची, आणि दुर्बिणीला नेमकी तीच दिसत नाहीत.

मराठवाड्यात अडचण उन्हाची आहे. एप्रिल-मेमध्ये उघड्यावर पडलेल्या पिसातला डीएनए अतिनील किरणांनी आठवडाभरातही खराब होऊ शकतो. पहिल्या पावसात भिजलेलं पीस तर सोडूनच द्या. घरट्याच्या झाडाखाली, सावलीत, ताजी पिसं शोधा. कागदी पाकिटात सिलिका जेलसोबत ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको, तिथे घाम धरून बुरशी येते. पाकिटावर ठिकाण, तारीख आणि झाड लिहा, ‘नाला’ एवढंच लिहिलेलं पाकीट सहा महिन्यांनी कुणाच्याच कामाचं नसतं. घरटी शोधायला मध उतरवणारी आणि गुरं राखणारी माणसं विचारा. त्यांना कुठल्या दरीत कुठलं झाड हे तुमच्या जीपीएसआधीपासून माहीत असतं. आणि घरट्याचं ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नका. अंड्यांवर बसलेला पक्षी कॅमेऱ्यांच्या गर्दीने घरटं सोडून देतो.

प्रयोगशाळेत पहिली पायरी जात पक्की करायची: मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागाच्या, स्वतंत्र डीएनएमधल्या एका तुकड्यावरून ते होतं. दुसरी, नर की मादी. पक्ष्यांत मादीकडे दोन वेगळी लिंगगुणसूत्रं असतात, झेड आणि डब्ल्यू. सीएचडी या जनुकाच्या चाचणीत बहुधा मादीच्या दोन रेघा येतात, नराची एक. हे टाळू नका, कारण मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. माद्या दूर जाणाऱ्या असतील तर मायटोकॉन्ड्रियात फरक पुसट दिसेल, आणि तुम्ही त्यावरून दोन्ही पालकांबद्दल बोलाल ते चुकेल. मायटोकॉन्ड्रियाचा आणखी एक त्रास या कुळात आहे. त्याच्या नियंत्रक भागासारखाच दिसणारा दुसरा, पुनरावृत्तींनी भरलेला भाग ससाणे-गरुडांत असतो. नेहमीच्या पक्ष्यांचे प्रायमर (हवा तो भाग पकडून त्याच्या प्रती काढणारे डीएनएचे छोटे तुकडे) आंधळेपणाने वापरले तर वाचन गोंधळतं. सायटोक्रोम बी किंवा एनडी2 जनुकावर राहिलेलं बरं.

केंद्रकातल्या मार्करांसाठी दोन वाटा आहेत. गोशॉकसाठी 2004 मध्ये विकसित केलेले मायक्रोसॅटेलाइट इतर शिकारी पक्ष्यांवरही वापरून पाहिलेले आहेत. सर्पगरुडावर त्यातले काही चालतील, काही चालणार नाहीत. पिसाच्या डीएनएमध्ये दोनपैकी एक रूप वाचायचं राहून जातं आणि पक्षी खोटाच ‘एकरूप’ दिसतो, म्हणून प्रत्येक नमुना तीन-चार वेळा चालवावा लागतो. दुसरी वाट एसएनपीची, म्हणजे डीएनएतल्या एकेका अक्षराच्या फरकांची. हजारो जागा एकदम वाचल्या की थोड्या पक्ष्यांतही निकाल घट्ट येतो, आणि तुमच्यासारख्या विरळ नमुन्याला तेच सोयीचं. पण त्याला चांगला डीएनए लागतो आणि जुन्या पिसातून तो मिळेलच असं नाही. आपल्याला सगळ्यात जवळचं ठिकाण हैदराबादची सीसीएमबी ही पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राची संशोधनसंस्था, त्यांची वन्यजीवांसाठी लॅकोन्स नावाची वेगळी प्रयोगशाळा आहे. तुमच्या मार्गदर्शकांनी तिथे आधी पत्र पाठवावं. विद्यार्थ्याने परस्पर ईमेल टाकला तर तो पडून राहतो.

जीनबँकेत, म्हणजे डीएनएच्या नोंदींच्या खुल्या आंतरराष्ट्रीय संग्रहात, शोधताना जुनी नावंही टाका. शिक्रा आणि गोशॉक दोघे वर्षानुवर्षं ‘अॅक्सिपिटर’ या एकाच प्रजातीत होते. अलीकडे त्यांना ‘टॅकिस्पिझा’ आणि ‘ॲस्टर’ अशा वेगळ्या प्रजातींत हलवलंय. नवं नाव टाकून काही सापडलं नाही, म्हणून कुणी कामच केलेलं नाही असं लिहून मोकळे होऊ नका.

निकाल काय येईल याबद्दल माझा कयास सांगतो. किनवटचे पक्षी आदिलाबादकडच्यांत मिसळलेले निघतील. गौताळ्याचे मधल्या पायरीवर असतील. येडशी आणि बालाघाटाच्या कडेच्या पक्ष्यांत विविधता थोडी कमी आणि आपसांतलं नातं जास्त दिसेल, पण ते वेगळ्या ‘गटाचं’ लक्षण नसेल, थोडक्यांच्या वस्तीचं असेल. तसं झालं तर कुणीतरी नक्की सुचवेल की किनवटचे पक्षी आणून येडशीत सोडा. मला ते पटत नाही. पक्षी आणून सोडले आणि ओढ्याकाठची उंच झाडं तुटत राहिली, रुंदीकरणात वड-आंबे गेले, पठारावर पवनचक्क्या आणि विजेच्या तारा वाढत राहिल्या, तर आणलेल्यांचंही तेच होणार. मधल्या अडीचशेहून जास्त किलोमीटरमध्ये घरट्याला लायक झाडांचे पुंजके टिकवले तर पक्षी स्वतःच टप्प्याटप्प्याने पिढीगणिक सरकतात.

शेवटी परवानगी, तिच्यावर प्रकल्प अडू शकतो. हे पक्षी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली संरक्षित आहेत, आणि गळालेलं पीससुद्धा परवानगीशिवाय जवळ ठेवता येत नाही. मोराच्या पिसाला जी सूट आहे ती यांना नाही. राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, ते कार्यालय नागपूरला आहे. अर्जात जात, ठिकाणं, नमुन्यांची कमाल संख्या आणि नमुने शेवटी कुठे जमा होणार हे स्पष्ट लिहा. पहिल्या वर्षी फक्त पिसं मागा. पिल्लाच्या पंखातून रक्त घ्यायचं असेल तर ते शिकवणारं माणूस सोबत हवं, आणि तेही अर्जात नाव घालून. सर्पगरुडाची घरटी हिवाळा सरता सरता सुरू होतात, म्हणून अर्ज जूनमध्ये टाका. डिसेंबरात टाकलात तर परवानगी हातात येईपर्यंत पिल्लू उडून गेलेलं असेल.